अख्खी कोंबडी, बाभळीचे निखारे

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरीकडच्या शेतांवर संध्याकाळी धूर दिसायला लागतो. आखाडातही दिसतो, पण तेव्हा पाऊस आणि ओली लाकडं यांच्याशी झटापट असते. दोन्ही हंगामांत वाचक तोच प्रश्न विचारतात: "अख्खी कोंबडी लाकडावर भाजली. बाहेरून कोळसा झाली आणि तंगडी मोडली तर आतून रक्त आलं. मसाला तर भरपूर लावला होता, मग चुकलं कुठे?"

चूक मसाल्यात क्वचितच असते. पक्षी मोठा घेतलेला असतो, दुकानदाराने त्याची कातडी काढलेली असते आणि लाकूड ज्वाळा देत असतानाच जाळीवर ठेवायची घाई झालेली असते. या तीन गोष्टी सांभाळल्या तर मीठ, हळद आणि लिंबू एवढ्यावरही उत्तम कोंबडी होते. म्हणून हा लेख पाककृतीपेक्षा तयारीवर जास्त बोलतो. तुमची संध्याकाळ खरं तर आदल्या दिवशी दुकानात ठरते.

पक्षी कोणता घ्यावा

नियम एकच: पक्षी लहान आणि कोवळा हवा. उघड्या जाळावर उष्णता बाहेरून आत हळूहळू शिरते. दोन किलोच्या कोंबडीत ती मांडीच्या हाडापर्यंत पोचेपर्यंत वरचं मांस वाळून जातं.

- लहान ब्रॉयलर. पहिल्यांदा करत असाल तर हाच घ्या. जिवंत वजन सव्वा किलोच्या आसपास असावं. कातडीसकट साफ केल्यावर ती साधारण 850 ते 900 ग्रॅम भरते, दोघांना पुरते. अडचण एवढीच की ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो आणि दुकानात बहुतेक मोठेच पक्षी येतात. लहान हवा असेल तर एक दिवस आधी सांगून ठेवा. "तंदूरच्या साइजचा" म्हटलं की दुकानदाराला नेमकं कळतं.
- गावरान तलंग. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. चव ब्रॉयलरपेक्षा कितीतरी सरस. चार-पाच महिन्यांचा कोवळा कोंबडाही चालतो. मात्र वर्ष उलटलेली, अंडी देऊन झालेली गावरान कोंबडी निखाऱ्यावर कधीच मऊ होणार नाही. तिचा रस्सा करा. पंज्यांची खवलं खरखरीत आणि जाड झाली असतील, छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबल्यावर वाकत नसेल तर पक्षी जून आहे. टोक लवचीक कुर्चेसारखं लागलं तर कोवळा.
- कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडेही तो शेतांवर दिसू लागला. चरबी कमी असल्यामुळे तो निखाऱ्यावर पटकन कोरडा पडतो. शिवाय मांसच काळं, त्यामुळे शिजलं की नाही हे रंगावरून कळत नाही. थर्मामीटर नसेल तर उघड्या जाळावर कडकनाथ करू नका, असं मी स्पष्टच सांगेन.
- बटेर. म्हणजे पाळीव जपानी लावा. 1974 साली उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात तो आणला गेला आणि तिथून देशभर त्याची शेती पसरली. पाच आठवड्यांत तयार होतो, जिवंत वजन 150 ते 200 ग्रॅम. माणशी दोन धरा. लाकडाच्या धगीवर हा पक्षी सर्वांत सोपा, कारण निखारे पडल्यापासून पंधरा मिनिटांत ताटात येतो.

रस्त्यावर लावे, तितर विकायला दिसले तर

पाळीव बटेर आणि रानातला लावा यांत लोक फार गोंधळ करतात आणि हा गोंधळ महागात पडतो. हिवाळ्यात गवताळ माळांवर आणि हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत बाहेरून लावे येतात, फासे लावून ते पकडले जातात. लावा, तितर, रानकोंबडा आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर उतरणारी बदकं हे सगळे पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षणाच्या वरच्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. विकत घेणाराही यातून सुटत नाही. "मी मारला नाही, नुसता विकत घेतला" हा बचाव तिथे चालत नाही.

ओळखायचं कसं? फार्मवरचे पक्षी एका वयाचे, एका आकाराचे, पिंजऱ्यात आणि बिलासह मिळतात. पाय दोऱ्याने बांधलेली जोडी, पोत्यात लपवलेले लहानमोठे पक्षी, बिल मागितल्यावर टाळाटाळ, यातलं काहीही दिसलं तर घेऊ नका. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे, तिथे कळवता येतं. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांनी हा क्रमांक फोनमध्ये ठेवावाच.

दुकानात नेमकं काय सांगायचं

आपल्याकडे कोंबडी साफ करणं म्हणजे कातडी ओढून काढणं, असंच दुकानदार धरून चालतो. रश्शासाठी ते ठीक आहे. निखाऱ्यावर मात्र कातडी हे कोंबडीचं छत्र असतं: ती मांसाला थेट धगीपासून झाकते, तिच्याखालची चरबी वितळून मांस ओलं ठेवते. म्हणून काउंटरवर जाताच, पक्षी कापण्याआधी सांगा:

1. "कातडी काढू नका. गरम पाण्यात बुडवून पिसं काढा." गावात हे काम घरी होतं; पिसं उपटून उरलेली लव जाळावर होरपळून घेतात. तुम्हीही शेतावर ते करू शकता.
2. "तुकडे नकोत. पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढा आणि कोंबडी उघडून द्या." छातीचं हाड हाताने दाबून मोडलं की कोंबडी पुस्तकासारखी सपाट होते. या एका कामामुळे भाजायचा वेळ निम्म्याच्या आसपास येतो आणि मांडी-छाती बरोबरीने शिजतात. कणा फेकू नका, रश्शाला उपयोगी पडतो.
3. "मानेची पिशवी आणि आतडं नीट काढा, काळीज-पेटा वेगळा द्या."

पैशाच्या बाबतीत भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्याचा, हे आधी विचारा. सव्वा किलोचा जिवंत पक्षी कातडी काढल्यावर पाऊण किलोच्या जरासा वर भरतो. ही फसवणूक नसते, पण भाव ऐकताना कळलेलं नसलं तर तसं वाटतं. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीचा शिक्का असायला हवा आणि वजन तुमच्यासमोर व्हायला हवं. मांसविक्रीच्या दुकानाला अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना बंधनकारक आहे. त्याचा 14 अंकी क्रमांक दुकानात लावलेला असला पाहिजे आणि 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणंही सक्तीचं आहे. मांसाला वास येत असेल, कापलेले पक्षी उघड्यावर माशांत पडलेले असतील तर घेण्यास नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

लाकूड: बाभूळ पहिली, बाकी नंतर

लाकडाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. कोंबडी निखाऱ्यावर भाजली जाते, ज्वाळेवर नाही. म्हणून ज्या लाकडाचा निखारा जड, तांबडा आणि टिकाऊ पडतो तेच लाकूड चांगलं.

बाभूळ त्यात अव्वल. नाशिक जिल्ह्यात पूर्वेकडे येवला-नांदगावच्या बाजूला ती मुबलक आहे. तिचा निखारा तासभर तरी दम धरतो आणि धूर कडवट नसतो. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळही उत्तम चालते. अमेरिकेतल्या टेक्सास भागात मांस भाजायला मेस्किट नावाचं लाकूड आवडीने वापरतात, ते याच वेड्या बाभळीचं भावंड. बोर, पेरू, चिंच, आंबा यांच्या वाळलेल्या फांद्या चालतात. आंब्याचा निखारा बाभळीपेक्षा लवकर राख होतो, त्यामुळे तो थोडा जास्त घ्यावा लागतो.

लाकूड वर्षभर तरी वाळलेलं असावं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक, मोकळा आवाज आला तर वाळलेलं, दबका आवाज आला तर ओलं. सपाट केलेल्या दोन कोंबड्यांना पाच-सहा किलो बाभूळ लागते. मनगटाएवढे तुकडे निवडा, त्याहून जाड ओंडका वेळेत निखारा होत नाही.

हे मात्र टाळा:

- कण्हेर, शेर, निवडुंग, रुई. कण्हेर विषारी आहे, बाकीच्यांचा चीक बाधतो. शेताच्या कुंपणात ही झाडं शेजारीशेजारी असतात आणि अंधारात काटक्या गोळा करताना हाताला लागतात. सळई म्हणून कण्हेरीची सरळ काठी तर कधीच वापरू नका.
- कडुनिंब. धुराला कडवट वास येतो आणि तो मांसाला लागतो.
- निलगिरी. तेलकट, उग्र वास.
- प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, जुन्या खिडक्या-दारं, मालाच्या पेट्या. रंगातली आणि डिंकातली रसायनं सरळ अन्नावर बसतात.
- पेटवायला रॉकेल, डिझेल, टायरचा तुकडा. त्याऐवजी गोवरी, नारळाची करवंटी, मक्याची दाणे काढलेली कणसं वापरा. येवल्याच्या मका पट्ट्यात ती फुकट मिळतात आणि ओल्या हवेतही पेटतात.

लाकूड लाकडाच्या वखारीतून घ्या किंवा आपल्या शेतातल्या वाळून पडलेल्या फांद्या उचला. उभं झाड तोडायचा विचार करू नका. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, आंबा-चिंच-जांभूळ यांसारखी झाडं स्वतःच्या शेतातही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहराच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा लागू होतो.

द्राक्षाच्या काड्या वापराव्यात का?

हा खास नाशिकचा प्रश्न आणि बरेच वाचक तो विचारतात. एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग लागतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षाच्या काड्यांच्या विस्तवावर मांस भाजण्याची जुनी रीत आहे, तिची आठवण करून देत अनेक जण विचारतात की इथे का नको?

कारण त्याच बोर्दोच्या नावाचं बोर्डो मिश्रण आपल्या बागांवर वर्षानुवर्षं मारलं जातं. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण, म्हणजे तांबं, आणि तांबं उन्हापावसाने नाहीसं होत नाही. त्यावर हंगामभर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकांच्या फवारण्या, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून लावलेली पेस्ट. नुकत्या छाटलेल्या काडीच्या सालीवर हे सगळं बसलेलं असतं. व्यावसायिक बागेतल्या काड्या मी अन्नाखाली वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नयेत.

जुनी बाग उपटली असेल तर जाड खोडं मिळतात. त्यांची साल पूर्ण सोलून, एक पावसाळा आडोशाला आणि एक उन्हाळा उन्हात वाळवून वापरता येतात. साल काढल्यावर आतलं लाकूड घट्ट असतं आणि निखारा छान पडतो. घराच्या मांडवावर एकटा वेल असेल आणि त्यावर कधी फवारणी झाली नसेल तर त्याच्या काड्या बेलाशक घ्या. त्या भरकन पेटतात आणि भरकन विझतात. बटेरांना पुरतात, कोंबडीला बाभळीची जोड द्यावी लागते.

जाळी आणि विटा

महागडी शेगडी लागत नाही. मातीच्या विटांचे दोन थर तीन बाजूंनी रचा, चौथी बाजू मोकळी ठेवा. जाळी निखाऱ्यापासून एक वीत उंच हवी. विटा नसतील तर कोरडे दगड चालतात, पण नदीतून किंवा ओढ्यातून उचललेले ओले दगड कधीच नको. आतलं पाणी वाफ होऊन दगड फुटतो आणि कपची डोळ्यात जाऊ शकते.

जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची घ्या. कुंपणाची चकचकीत जाळी जस्ताच्या मुलाम्याची असते. तापली की तिचा विषारी धूर निघतो. जुन्या फ्रिजमधली जाळीही याच कारणासाठी नको.

शिवाय जवळ ठेवा: लांब चिमटा, निखारे हलवायला फावडं किंवा खुरपं, फुंकणी, एक मोठं स्वच्छ पातेलं झाकण म्हणून, पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचं घमेलं. बादल्या आग पेटवण्याआधी भरलेल्या असाव्यात.

मीठ आदल्या रात्री, मसाला शेवटी

आपल्याला वाटतं, मसाला जितका आधी आणि जितका जाड लावू तितका मुरेल. तसं होत नाही. मांसात खोल शिरतं ते मीठ. हळद, तिखट, गरम मसाला बहुतांशी पृष्ठभागावरच राहतात आणि तिथेच जळतात. आपला काळा मसाला तर खोबरं, दगडफूल आणि खडे मसाले आधीच भाजून केलेला. तो पुन्हा निखाऱ्यावर चाळीस मिनिटं ठेवला की कडू होणारच.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. आदल्या रात्री: 850 ग्रॅमच्या कोंबडीला चहाचे दोन सपाट चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद आतून-बाहेरून चोळा. कातडीखाली बोट घालून छाती आणि मांडीवरही लावा. न झाकता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात खोलगट ताटात ठेवा. कातडी कोरडी पडते आणि म्हणून नंतर कुरकुरीत होते. बटेरांना तासभर पुरे.
2. निघताना: बर्फाच्या डब्यात घट्ट बंद करून न्या. शेतावर पोचून चूल मांडेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ कच्चं मांस गाडीच्या डिकीत उघडं ठेवू नका.
3. भाजताना, शेवटच्या पंधरा मिनिटांत: चार मोठे चमचे तेल, दोन चहाचे चमचे कांदा-लसूण मसाला, चार लसूण पाकळ्यांचं वाटण आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून केळीच्या दांड्याने किंवा कोथिंबिरीच्या जुडीने लावा.

दुकानदाराने सवयीने कातडी काढूनच दिली असेल तर निराश होऊ नका. पाणी निथळलेलं घट्ट दही, तेल, हळद, आलं-लसूण असा जाडसर थर द्या. तोच कातडीचं काम करतो. साखर, गूळ, मध यातलं काही त्यात घालू नका, ते सर्वांत आधी करपतं.

भाजणं: थांबायचं, मग ठेवायचं

लाकूड पेटवल्यापासून निखारे पडायला पाऊण ते एक तास लागतो. पाहुणे भुकेले असतात, कोणीतरी "आता ठेवा की" म्हणतंच. त्यांना शेंगा, हुरडा, कांदा-भाकरी, काहीतरी द्या आणि थांबा. ज्वाळा पूर्ण बसल्या पाहिजेत, निखाऱ्यावर राखेचा पांढुरका पापुद्रा धरला पाहिजे.

आता निखारे एका बाजूला ओढा. जाळीचा अर्धा भाग निखाऱ्यावर, अर्धा रिकाम्या जमिनीवर, अशी मांडणी झाली की निम्मी लढाई जिंकलीत. धग मोजायला जाळीच्या पातळीवर तळहात धरा आणि शांतपणे मोजा. दोनच्या आत हात मागे घ्यावा लागला तर फार तीव्र, चार-पाच मोजता आले तर योग्य, सातच्या पुढे गेलात तर निखारा कमी पडतोय.

सपाट केलेली कोंबडी. हाडांची बाजू खाली करून रिकाम्या भागावर ठेवा, तंगड्या निखाऱ्याच्या दिशेला. मांडीला धग जास्त लागते, छातीला कमी. वर पातेलं उपडं घाला. तीस ते पस्तीस मिनिटं उघडझाप न करता राहू द्या, मध्ये एकदाच फिरवून घ्या. मग मसाल्याचं तेल लावा आणि शेवटची सहा-आठ मिनिटं कातडीची बाजू खाली करून थेट निखाऱ्यावर. या वेळी जागचं हलू नका. चरबी ठिबकून ज्वाळा उठली तर कोंबडी रिकाम्या बाजूला सरकवा. पाणी मारलंत तर राख उडून कातडीवर चिकटते.

न कापलेली, अख्खीच हवी असेल तर. शोभेसाठी काहींना तशीच हवी असते. मग निखारे दोन बाजूंना आणि मधल्या रिकाम्या जागेवर कोंबडी, वर झाकण, सव्वा तासाची तयारी. पोटात काही भरू नका. सारण भरलं की आतली धग अडते आणि मांडीचा सांधा कच्चा राहतो.

बटेर. पाठीतून उघडा, दोन सळया आडव्या घाला म्हणजे चारपाच पक्षी एकदम उलटता येतात. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. थेट निखाऱ्यावर एका बाजूने पाच ते सात मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच. चरबी कमी म्हणून तेल दोनदा लावा. बटेर ठेवून गप्पा मारायला गेलात तर परत येईपर्यंत काटकी झालेली असते.

उतरवल्यावर कोंबडीला दहा मिनिटं ताटात राहू द्या, मग कापा. रस मांसातच राहतो.

आखाडात, घोटी-इगतपुरीच्या पावसात हे सगळं अवघड जातं. अशा वेळी मडक्याचा पर्याय धरा. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात, त्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि केळीच्या पानात बांधलेली कोंबडी घालून तोंड पाल्याने बंद करतात आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. पत्र्याखाली, आडोशाला ही रीत जाळीपेक्षा जास्त भरवशाची, कारण मांस ज्वाळेला लागतच नाही. त्यासाठी कोंबडीचे तुकडे किंवा बटेरच घ्या. रायगडात पोपटी अर्ध्या तासाच्या आसपास उतरवतात, तरी पहिल्या वेळी मडकं उघडून एक तुकडा तपासल्याशिवाय वाढू नका.

शिजली हे कसं ओळखायचं

सर्वांत खात्रीचं साधन अन्नात खुपसायचा थर्मामीटर. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला टेकू न देता खुपसा. 74 अंश सेल्सिअस दिसलं की झालं. तो नसेल तर या तिन्ही खुणा एकत्र बघा:

- मांडीच्या सांध्यात सुरी घातल्यावर येणारा रस पारदर्शक आहे, गुलाबी नाही.
- तंगडी धरून फिरवली तर सांधा सैल वाटतो.
- मांस हाडापासून सहज सुटतं आणि काचेसारखं चकचकीत दिसत नाही.

एक सावधगिरी उलट दिशेचीही आहे. कोवळ्या ब्रॉयलरचं हाड मऊ असतं, आतला मगज झिरपून हाडालगतचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसू शकतं. रस पारदर्शक आणि सांधा सैल असेल तर घाबरून पुन्हा अर्धा तास भाजू नका.

फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. उत्तर महाराष्ट्रातल्या अनेकांच्या मनात ती भीती अजून आहे. पूर्ण शिजलेल्या मांसात, सगळीकडे 70 अंश गाठले की तो विषाणू टिकत नाही. धोका कच्चा किंवा आजारी पक्षी हाताळण्यात असतो. मेलेला, सुस्त, डोकं सुजलेला पक्षी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जवळपास साथ जाहीर झाली असेल तर जिवंत पक्षी शेतावर नेऊन कापण्याचा बेत सोडा.

पोट बिघडतं ते इथे

शेतावरच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं पोट बिघडलं, की दोष कोंबडीला दिला जातो. बहुतेकदा कारण हातांचं आणि भांड्यांचं असतं. कच्ची कोंबडी ज्या परातीत होती त्याच परातीत भाजलेली काढली, ज्या सुरीने ती उघडली त्याच सुरीने कांदा-काकडी कापली, कच्च्या मांसाला लागलेलं दह्याचं वाटण शेवटी चटणी म्हणून वाढलं. कच्च्यासाठी एक परात, एक सुरी, एक चिमटा वेगळा ठेवा आणि त्याला लाल कापड बांधा म्हणजे अंधारातही चूक होत नाही. कोंबडी पंपाच्या धारेखाली धुवू नका, शिंतोडे दूरवर उडतात. साबण आणि पाणी चुलीपासून दहा पावलांवर असू द्या.

जागा कुठली

स्वतःच्या किंवा मालकाची परवानगी घेतलेल्या शेतात, चार मीटरभर गवत साफ करून आणि कडबा-वैरणीपासून दूर. बाकी ठिकाणांचं असं आहे:

- राखीव जंगल, त्यातले डोंगर आणि गडांचे पायथे: इथे विस्तव करणं भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने अख्खा उतार जातो.
- सोसायटीची गच्ची: ती सामाईक जागा आहे. संस्थेची लेखी परवानगी हवी आणि लाकडाचा जाळ मी तिथे सुचवणार नाही. वॉटरप्रूफिंग खराब होतं, धूर वरच्या मजल्यांवर जातो. इतरांना धोका होईल असा निष्काळजी विस्तव केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
- भाड्याचं फार्महाऊस: विस्तवाला परवानगी आहे का, लाकूड कोण देणार, नुकसान झाल्यास अनामत किती कापली जाईल, हे बुकिंग करतानाच मेसेजवर लिहून घ्या. तिथला आचारी भाजून देणार असेल तर कातडीसकट, लहान पक्षी आणि निखाऱ्यावर, या तीन गोष्टी त्यालाही आधी सांगा.

नाशिकची थंडीतली संध्याकाळ बऱ्याचदा शांत असते, पण उघड्या माळावर वारा फिरतो. चुलीची मोकळी बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवा. ज्याच्याकडे आगीची जबाबदारी आहे त्याने विझवून होईपर्यंत प्यायची नाही, हे निघण्याआधी ठरवून टाका. भाजलं तर लगेच वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, जखम मोठी असेल तर 108 ला फोन करा.

विझवताना

वरून एक तांब्या ओतून निघून जाऊ नका. बाभळीचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो, म्हणून तर आपण तो निवडला. पाणी ओता, फावड्याने उलथा, पुन्हा ओता, आणि वाफ थांबेपर्यंत हेच करा. हाडं गोळा करून सोबत न्या. भाजलेली हाडं फुटून कुत्र्यांच्या घशात रुततात. मग तळहाताची पाठ राखेजवळ न्या. धग जाणवली तर तिसरी बादली आणा, गार लागली तरच गाडी काढा.